रंग राहिलेली गिटार

प्रिय भोंग्या,

मी तुला अजून या नावाने हाक मारतो ते तुझ्या आईला आवडत नाही. पण पाळण्यात असताना तू अख्खी गल्ली उठवायचास, त्याला मी काय करू? हे पत्र तुझ्याआधी तुरुंगातले साहेब उघडून वाचतात, हे मला ठाऊक आहे. तर साहेब, भोंग्या म्हणजे माझा मुलगाच, खुणेचा शब्द वगैरे काही नाही. आत बरंचसं सुतारकाम आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

तुझी मागची खोली मी उघडली. दोन वर्षं कुलूप होतं. तुझी आई म्हणायची, "त्याच्या वस्तूंना हात लावू नका, आला की ओरडेल." पण गेल्या उन्हाळ्यात भिंतीला ओल आली म्हणून उघडावी लागली, आणि उघडली ती उघडीच राहिली. खिळ्यावर तुझे तीन फर्मे तसेच लटकत होते. तू त्यांना टेम्प्लेट म्हणतोस, मी आयुष्यभर फर्माच म्हणत आलो. एक इलेक्ट्रिक गिटारच्या अंगाचा, एक मानेचा, एक पाठीमागच्या वायरिंगच्या खड्ड्याचा. खाली फळीवर तो लाकडाचा जाड तुकडा, त्यावर पेन्सिलीने आखलेली अर्धी बाह्यरेषा. अर्धीच. तू बहुतेक जेवायला उठला असशील. मी चाळीस वर्षं लोकांचे कोट बेतले, पण अर्ध्यावर सोडलेलं आखणीचं काम मला बघवत नाही. तुझी वही शोधली, चष्मा लावला आणि बसलो.

पहिला प्रयत्न सांगायला लाज वाटते. फर्मा लाकडावर दुतर्फी टेपने चिकटवला आणि राउटर, ते तुझं लाकूड कोरायचं यंत्र, चालू केला. काय आवाज तो! शिलाई मशीन म्हणजे त्याच्यापुढे मांजर. पात्याचं बेअरिंग फर्म्याच्या कडेला टेकून फिरवायचं, एवढंच काम, तू ते गाणं म्हणत करायचास. माझा फर्मा गिटारच्या अंगाला मानेशेजारी जे वरचं शिंग असतं, त्यापाशी सरकला. पातं आत घुसलं, शिंगाचा लचका निघाला आणि फर्म्याचीही कड गेली. मी तिथेच स्टुलावर बसलो. तुझी आई धावत आली, आधी माझी बोटं मोजली आणि मग म्हणाली, "दहा आहेत. चहा टाकते."

मग नवा फर्मा केला. घरात ते एक काम मला येतं. तुझ्या जुन्या फर्म्यावरून खाकी कागदावर काढला, गेलेली कड दुसऱ्या बाजूच्या अंदाजाने भरली, कागदावरून पातळ प्लायवर उतरवला आणि तीन आठवडे कानस आणि पॉलिशपेपर घेऊन कड घासत बसलो. डोळे मिटून बोट फिरवायचं. बोटाला जिथे खड्डा लागेल तिथे पुढे राउटरलाही लागेल, हे तुझ्याच वहीत लिहिलंय. पण एक गोष्ट मला फार जड गेली. कापडात आम्ही शिवणीला माया सोडतो. उद्या अंग भरलं, माप चुकलं, तर उसवून सैल करता येतं. लाकडात माया सोडता येत नाही. कापलं ते कापलं. तू करून ठेवलेली मान बसायची खाच मी पहिल्यांदा कापली ती कागदाच्या जाडीएवढी सैल झाली. तू म्हणायचास, मान धरून उचललं तर स्क्रूशिवाय अंग खाली पडता कामा नये. माझं पडलं, पायाच्या अंगठ्यावर. तिसऱ्या लाकडात जमलं. उचललं, लटकत राहिलं. दाखवायला कोणीच नव्हतं, म्हणून मी ते तसंच धरून स्वयंपाकघरात गेलो.

घासताना डोकं रिकामं असतं आणि मग नको ते आत येतं. ती पहाट, तुझी व्हॅन, लागोपाठ दुसरी पाळी करून डोळ्यांवर आलेली तुझी झोप, आणि तो सायकलवरचा माणूस. मागे एकदा मी त्याच्या गल्लीपर्यंत गेलो होतो, तुला सांगितलं नाही. दारात त्याची बायको कपडे वाळत घालत होती. पुरुषाचे कपडे नव्हते त्यात. काय बोलायचं ते मी वाटेत शंभरदा घोकलं होतं. कोपऱ्यावरून परत आलो. तिथेही माझ्याच्याने काही झालं नाही.

असो. अंग आता तयार आहे. रंगाच्या दुकानातला टक्कल पडलेला गृहस्थ तुला विसरलेला नाही. त्याने रंगाआधी लाकडाची छिद्रं बुजवायच्या सीलरचा डबा दिला आणि बजावलं, "मास्तर, घाई करू नका. एक हात, मग वाळू द्या, मग पेपर, मग दुसरा हात." मी घाई केली नाही, पण कडेला पेपर जास्त मारला आणि सीलर फाटून कोरं लाकूड बाहेर आलं. कोटाचं कोपर झिजावं तसं. पुन्हा सगळं पहिल्यापासून. आता सहा हात झालेत. गालावरून हात फिरवावा इतकं गुळगुळीत झालंय. पुढे रंग आणि त्यावर लॅकर, एवढंच राहिलंय. पण वहीत सगळं आहे, स्क्रूची लांबीसुद्धा आहे, फक्त रंग लिहिलेला नाही.

आता खरं लिहितो. परवाच्या भेटीत जाळीपलीकडे तू बसला होतास आणि मी सगळा वेळ सीलर, पेपर, स्प्रेगन हेच बडबडत राहिलो. तू हसलास. म्हणालास, "बाबा, तुम्ही माझ्यापेक्षा वेडे झालात." उठता उठता मी रंग विचारला, तर म्हणालास, "राहू द्या हो. अपिलाचा निकाल लागला की घरी येऊन मीच मारतो." मी "बरं" म्हणालो. भोंग्या, वकीलबाईंचा फोन आदल्याच दिवशी आला होता. अपील फेटाळलं. शिक्षा आहे तेवढीच, म्हणजे अजून सहा वर्षं. "पोराला मी सांगतो, बापाच्या तोंडून कळू दे," असं मीच त्यांना म्हणालो होतो. आणि तुझ्यासमोर तोंड उघडलं की सीलरच बाहेर यायचा. तिथल्या कागदावरून कळण्याआधी हे पत्र तुला मिळावं, एवढ्यासाठी लिहितोय. आईला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू, तेही कळत नाही. ते तू तरी मला सांग. ती आत्ता बाहेर मशीनवर बसली आहे. तू येणार म्हणून तुझ्या सगळ्या पँटी काढून कंबरेत आत घेतेय. मघाशी तिने आत डोकावून विचारलं, "तुम्ही बघून आलात ना त्याला? कंबर किती धरू?" मी म्हणालो, "तीस धर." मशीन चालू आहे.

तू असशील तिथे तुझाच,
बाबा