फियाटखाली व्हिन्सेंटकाका

भुईगाव,
१४ नोव्हेंबर १९९७

प्रिय फ्रेडरिक,

सेबॅस्टियन आज मस्कतला निघतोय, त्याच्याच हाती हे पत्र देतोय. आधी हे वाच, मग सोबतची सुकवलेली केळी, आपली सुकेळी, खा. रविवारी मिस्सानंतर तुझे पप्पा पुन्हा तुझ्या फियाटखाली शिरणार आहेत आणि मला काही त्यांना थांबवता येत नाहीये.

डिसेंबरात तू येशील तेव्हा गाडी खड्ड्यांत आदळू नये, म्हणून सस्पेन्शनचे मागचे पाटे स्वतःच बदलायचं व्हिन्सेंटकाकांनी मनावर घेतलंय. गॅरेजवाल्यावर त्यांचा विश्वास कधी होता? तशी त्यांची शिस्त कडक. जॅकखाली जाड फळी, पुढच्या चाकांना दगड, बॉडीखाली माडाच्या खोडाचे दोन ओंडके, आणि काढलेलं चाक गाडीखाली आडवं. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरणाऱ्याला ते गाढव म्हणतात. मलाही म्हणालेत.

काल त्यांनी आपल्या दोन वाड्यांच्या मधल्या जागेत गाडी उचलली. विहिरीच्या पाण्याची पाळी आमची होती. पाणी सोडतोय, असं मी दोनदा ओरडून सांगितलं. उत्तर आलं नाही. काम करताना ते कुठे उत्तर देतात, म्हणून मी पंप लावला. केळींकडे जाणारा पाण्याचा दांड मध्येच फुटला आणि पाणी डाव्या ओंडक्याखाली मुरलं. आपली माती, भिजली की संपलंच. मी पोचलो तेव्हा ओंडका रुतत होता, गाडी कलत होती आणि काकांचे फक्त पाय बाहेर होते. जिवाच्या आकांताने हाका मारल्या. ते शांतपणे नट पिळत होते. शेवटी घोटे धरून ओढलं. ते बाहेर आले आणि गाडी त्या आडव्या चाकावर धाडकन बसली. वर शिव्या मलाच, पँट फाडली म्हणून!

पंप लावला ही चूक माझी. पण फ्रेडरिक, काकांना ऐकू येत नाही. हातभर अंतरावरच्या हाका त्यांना कळल्या नाहीत. मटिल्डाकाकूंना हे वर्षभर माहीत आहे. तुला कळलं तर नोकरी सोडून येशील, म्हणून दोघांनी लपवलं, आणि काल मलाही शपथ घातली. ती मी आज मोडतोय. उद्याच काकूंना फोन कर, ‘मी डिसेंबरात येईपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही’, असं निक्षून सांग. काकांना फोनवर बोलावू नकोस. ते तुझ्या प्रत्येक वाक्याला हो हो म्हणतील आणि रविवारी खाली शिरतील.

तुझाच,
रमेश