एका ताटावर तीन कात्र्या

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात; खरोखर घातला तर उठवायला दोन माणसं लागतील). तुझे गुडघे, तुझी साखर आणि तुझा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, तिघंही ताब्यात असतील अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे मजेत आहेत, कारण सगळे पोटभर जेवतात. मी सोडून.

मागे डॉक्टरीणबाईंनी माझी साखर वाढली म्हणून गोळी वाढवली आणि भात जरा बेतानं खा म्हणून सांगितलं, हे तुला कळवलं होतं. त्यातला 'जरा' आमच्या घरात कुणी ऐकलाच नाही. तुझी भावजय वाढतानाच अर्धा भात परत पातेल्यात टाकायची. ते ताट बाहेर आणताना सूनबाई त्यातला आणखी अर्धा काढायच्या, कारण सासूबाईंचा हात सैल आहे अशी त्यांची समजूत (तो हात माझ्या बाबतीत कधी सैल सुटला, ते मला कुणी सांगावं). उरली डाळ. तर चिरंजीव, जे स्वतः तीनदा भात घेतात, ते रात्री डाळ जड पडते म्हणून माझी वाटी स्वतःच्या ताटात ओतून घ्यायचे. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. बाकीचे दोघं म्हाताऱ्याला गुपचूप खाऊ घालतात, असं तिघांनाही वाटायचं. मी भूक लागली म्हटलं की ती भूक नव्हे, साखर बोलतेय, असं मलाच समजावलं जायचं. अगं, माझं पोट, आणि त्यात कोण बोलतंय ते यांना कळणार!

तू म्हणशील, माणूस वाळत चाललाय हे कुणाला दिसलं कसं नाही? इथंच घोडं पेंड खातं. सगळा जन्म लोकांच्या पँटी बेतण्यात गेलेला शिंपी मी, स्वतःच्या दुकानात ढगळ पँट घालून बसणार होय? कंबर सैल झाली की मी आत घ्यायचो. खांदे उतरले की शर्ट उसवून पुन्हा बसवायचो. कपडे अंगावर इतके चापूनचोपून बसायचे की येणारंजाणारं म्हणायचं, तब्येत छान राखलीय. आता घरचे मलाच म्हणतात की सगळा घोळ तुमच्या शिलाईमुळे झाला. म्हणजे शिवण वाकडी मारली असती तर जेवायला मिळालं असतं.

मागच्या आठवड्यात कोपऱ्यावरचा बेकरीवाला कोटाचं माप द्यायला आला. त्याचं पोट तुला आठवतच असेल. टेप मागून फिरवायला मी त्याला कवेत घेतलं आणि हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी त्याला सोडीचना. त्याला वाटलं, म्हातारबुवांना माया दाटून आली. तो भला माणूस माझी पाठ थोपटत राहिला. मी घसरत त्याच्या गुडघ्यांपाशी पोचलो तेव्हा कुठे चिरंजिवांनी हातातली कात्री खाली ठेवली. बेकरीवाल्यानं पिशवीतली सरबताची बाटली माझ्या तोंडाला लावली. (ताई, काय चव होती, सांगता सोय नाही.)

दवाखान्यात कळलं की साखर वाढली नव्हती, तळाला गेली होती. डॉक्टरीणबाईंनी मला वजनकाट्यावर उभं केलं. काट्याकडे पाहिलं, पँटकडे पाहिलं, आणि कंबरपट्टी उलटून बघितली. आत शिवणीशेजारी शिवण, जुन्या शेताच्या बांधांसारख्या. मग तिघांची अशी खरडपट्टी निघाली की माझं निम्मं पोट तिथंच भरलं. गोळी पुरी आणि जेवण पाव, तर माणूस पडणारच. या वयात अंगचं मांस झडलं की सहजी परत येत नाही, आणि ते गेलं की उठणं-बसणंही जातं. वेळच्या वेळी जेवायचं. डाळ, अंडी, दूध, भाजी, बेताचा भात, सगळं हवं. तरण्या माणसाइतकी साखर आवळायची या वयात गरज नाही, म्हणाल्या. उपाशी ठेवून आडवं पाडायची तर नाहीच.

आता काय चाललंय ऐक. सकाळी बायको अंडं देते. ती वळली की सूनबाई देतात. दुकानात चिरंजीव खिशातून काढतात. पुन्हा एकमेकांना पत्ता नाही. या घरात माझ्या ताटाबद्दल मला कुणी विचारील, तो सुदिन.

तुझा,
अंड्यांनी बेजार भाऊ

ता. क. हे पत्र तुझ्या भावजयीला कळू देऊ नकोस. दवाखान्याच्या जिन्यात ती रडली, आणि मला धड रागावताही आलं नाही.

ता. क. दुसरा. पाकीट शोधताना तुझे ब्लाउज हाती लागले, 'जरा आत घे' म्हणून पाठवलेले. डोक्याचं दिवाळं निघालंय माझ्या, याआधीचेही मी मुकाट्यानं आत घेतले आणि छान बसले म्हणून तू कळवलंस. हे मी शिवणार नाही. तू एकटी असतेस. तुझ्या ताटावर कात्री चालवायला दुसरं कुणी नाही, म्हणजे ती तूच चालवतेस. आधी तुझ्या डॉक्टरांना वजन दाखव, आणि मग सरळ इथं ये. इथं वाढणारे तिघं आहेत आणि मला एकट्याला संपत नाही. येताना ते जुने ब्लाउजही आण, उसवून ठेवतो.