बारवेतला तिसरा टेक

बाबा,

तुम्ही होतात तेव्हा मी नांदेडात लग्नांचं शूटिंग करत होते. नंतर मुंबईत मालिकांचं प्रॉडक्शन सांभाळलं, आणि आता मी स्वतः निर्माती आहे, हा माझा दुसरा सिनेमा. निर्माती म्हणजे लोकांना कामाला लावणारी आणि वेळ आली की काम थांबवणारी बाई. पहिलं मला झकास जमतं.

तुम्ही रेल्वेत गँगमन. मी दहावीत असताना धुक्यात रुळाला तडा दिसला म्हणून तुम्ही लाल झेंडी घेऊन धावलात, एक्सप्रेस थांबवलीत, आणि तो निघाला काळ्या तेलाचा ओघळ. साहेबांनी मेमो दिला. शाळेत पोरींनी मला इतकं चिडवलं की घरी येऊन मी तुमच्यावरच तोंड टाकलं, नीट बघून मग थांबवायची ना! तुम्ही ताटावरून मान वर केलीत. "आधी थांबवायची, मंग बघायचं. आत लेकरंबाळं ऱ्हातेत, बाई." मला तुमची लाज वाटली होती, बाबा. तुम्ही मात्र भाजी परत मागून घेतलीत.

गेल्या उन्हाळ्यात औशाजवळच्या एका जुन्या, पायऱ्यांच्या बारवेत शूटिंग होतं. नायिका लातूरची, नाटकातून आलेली, पहिलाच सिनेमा. तिला पाण्यात बुडतानाचा प्रसंग करायचा होता. "मॅडम, मला पोहता येतंय," ती म्हणाली. कमरेला दोर बांधलेला, दोर दोन माणसांच्या हातात, ओढायची खूण मी करायची. दोन टेक फुकट गेले. ऊन उतरत चाललं होतं आणि बारव आम्हाला त्या एकाच दिवसापुरती मिळाली होती.

तिसरा टेक. ती खाली जाते, वर येते, पुन्हा खाली जाते. हात पाण्याबाहेर, बोटं वेडीवाकडी. दिग्दर्शक मॉनिटरला डोळे लावून पुटपुटतो, "वा, वा." दोरवाले माझ्याकडे बघताहेत. मी मान हलवत नाही. वरच्या पायरीवर आमच्या युनिटला भाकरी करून घालणाऱ्या मावशी बसल्या होत्या, त्याच ओरडल्या, "अगं बया, पोरगी खरंच बुडायली! वढा की रं दोर!"

ओढली. पायरीवर पालथी पडून ती पाणी ओकत होती. श्वास परत आला तसं तिने पहिलं विचारलं, "शॉट मिळाला का?"

मिळाला. तोच सिनेमात आहे. काल नांदेडच्या खेळाला त्या शॉटवर टाळ्या पडल्या. ती माझ्या शेजारी बसली होती. टाळ्यांतच तिने विचारलं, "मॅडम, तुम्हाला कवा कळलं, मी बुडायले म्हणून?"

"मावशी ओरडल्या तेव्हाच," मी म्हणाले. तिने माझा हात घट्ट धरला.

बाबा, मला आधीच कळलं होतं. पहिल्यांदा तिचा हात वर आला तेव्हाच. हे खरं तर तिला लिहायला हवं. तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही तिला सांगणार नाही.