पिवळ्या फ्रॉकमधलं मूल

प्रिय बारक्या,

बावन्न वर्षांच्या, अर्धं टक्कल पडलेल्या माणसाला बारक्या म्हणू नये हे मला कळतं. पण दुसरं काही लिहून पाहिलं तर पत्र बँकेतून आल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून हेच राहू दिलं. दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. सहा वर्षांत आपण एकमेकांना वाढदिवसाचे दोन-दोन शब्द सोडून काही पाठवलेलं नाही, तेव्हा एवढं जाड पाकीट बघून तुझ्या मनात आधी तेच येणार. मी धडधाकट आहे. जीभही जागेवर आहे, तुझ्या बायकोला सांग. डोक्याचं मात्र खात्रीने सांगता येत नाही, आणि त्याला कारण एक सात वर्षांची मुलगी आहे.

मी अजून त्याच कलासंग्रहालयात आहे, चित्रांशेजारच्या चिठ्ठ्या लिहिते. लोक चित्राकडे चार सेकंद बघतात आणि चिठ्ठी चाळीस सेकंद वाचतात, त्यामुळे खरं प्रदर्शन माझंच असतं अशी माझी आपली समजूत. गेल्या वर्षी नवे संचालक आले आणि त्यांना साक्षात्कार झाला की आपल्याकडे मुलं येत नाहीत. येत नव्हती म्हणून तर बरं चाललं होतं, पण हे कोण बोलणार. तेव्हापासून दर आठवड्याला 'सहकुटुंब रविवार' असतो आणि आम्हा सगळ्यांना पाळीपाळीने गळ्यात केशरी पट्टी अडकवून उभं राहावं लागतं. खालच्या दालनात लांब टेबलं, त्यांवर जुनी वर्तमानपत्रं, माती, गोंद, कातरलेले कागद. मुलं मजेत असतात रे. त्रास आईबापांचा. त्यांनी हात पाठीमागे ठेवायचे असा नियम आहे आणि तो एकालाही पाळता येत नाही. परवा एका वकिलाने लेकाच्या हत्तीची सोंड 'जराशी सरळ' करायला घेतली आणि बघता बघता अख्खा नवा हत्ती उभा केला. लेक शेजारी बसून शांतपणे म्हणाला, "झाला की सांगा बाबा, मग मी त्यावर माझं नाव लावतो."

वरच्या मजल्यावर दुसरा खेळ असतो. एका चित्रासमोर कुटुंबाने पाच मिनिटं गप्प बसायचं आणि नुसतं बघायचं. मग पोराने घरच्या मोठ्यांना त्या चित्रातल्यासारखं बसवायचं. हात असा, मान तशी, हसू नको. घरात ज्याला दिवसभर 'नीट बस' ऐकावं लागतं त्याने बापाला नीट बसवायचं, म्हणून हा खेळ भलताच चालतो. आणि त्यासाठी संचालकांनी चित्र कुठलं निवडलं असेल? आपलं. म्हणजे बाबांचं. म्हणजे, गेल्या रविवारपर्यंत मी ज्याला 'माझं' म्हणत होते ते.

ते तुझ्या डोळ्यांसमोर असेलच, तरी सांगते, कारण मला स्वतःलाच ते पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगून बघायचंय. स्टुलावर बसलेलं मूल. आखूड केस, पिवळा फ्रॉक. फ्रॉकला छातीवर पाच पांढरी बटणं, पोटावर मोठा बो. दोन्ही हातांनी फ्रॉक मांड्यांशी घट्ट धरलेला. हनुवटी वर. मागे भिंत, बाकी काही नाही. शाळेत ड्रॉइंग शिकवून उरलेल्या वेळात बाबांनी जी चाळीसेक चित्रं काढली, त्यातलं हे एकच खरं चांगलं, यावर आपलं दोघांचं एकमत होतं. आणि भांडणही याच्यावरूनच झालं. बाबा गेल्यावर घर रिकामं करताना तू म्हणालास, "ताई, बाकी सगळं तू घे. मला एवढं एक दे." आणि मी म्हणाले, "तुझा काय संबंध? चित्र माझं आहे, मी बसलेय त्यात." तू खाली बघितलंस, घडीचं टेबल उचललंस आणि जिना उतरलास. मला वाटलं, निरुत्तर झाला. पुढच्या महिन्यात मी ते संग्रहालयाला देऊन टाकलं. भिंतीवर लागलं त्या दिवशी तू आला नाहीस आणि मी चारचौघांत म्हणाले, "माझ्या भावाला चित्रातलं काय कळतंय?"

आता त्याच्या शेजारची माझी चिठ्ठी ऐक, मजा आहे. 'कलावंताची मुलगी. छातीवरची बटणांची ठळक रांग आणि समोर बांधलेला बो यांतून बालिकेचं जगाला सामोरं जाणं सूचित होतं. उंचावलेली हनुवटी तिच्या निर्धाराची खूण आहे.' बालिका! हे मी लिहिलं, टाइप केलं, दोनदा तपासलं, आणि वर फ्रेमही करून घेतलं.

रविवारी एक मुलगी आली, सोबत तिचे आजोबा. पुढचे दोन दात नव्हते. मुलीचे. पाच मिनिटं ती चित्रासमोर मांडी घालून बसली आणि मुळीच हलली नाही. मग आजोबांना स्टुलावर बसवलं, हात मांड्यांवर ठेवायला लावले, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाली, "कोट काढा." काढला. "आता उलटा घाला. बटणं पाठीवर." म्हातारा बिचारा हसत हसत बाह्यांत हात घालायला लागला, तशी मी केशरी पट्टी सावरत पुढे झाले. म्हटलं, "अगं बाळा, कोट असा घालतात का?" तिने माझ्याकडे, मी एरवी लोकांकडे बघते तसं बघितलं. म्हणाली, "मला माहितीये. पण त्यानेपण उलटाच घातलाय ना!" मी विचारलं, त्याने म्हणजे कोणी? "या मुलाने. फ्रॉकची बटणं मागे असतात. माझ्या दादाने एकदा माझा घातला होता, सेम असाच. गळा इथे काचतो, मग मान अशी करावी लागते." आणि तिने आजोबांच्या कोटाची कॉलर मागून ओढून धरली. आजोबांची हनुवटी वर गेली. निर्धार, बारक्या! माझा तो सगळा निर्धार त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर जसाच्या तसा उभा राहिला आणि वर ते म्हणाले, "लवकर आटप गं, श्वास अडकतोय."

तो फ्रॉक मला चांगला आठवतो. बटणं पाठीवरच होती. आई मागून लावून द्यायची, तिच्या बोटांना नेहमी पाण्याचा गारवा असायचा आणि मी दर बटणाला अंग चोरायचे. मग सहा वर्षं रोज त्या चित्रासमोरून जाताना मला हे दिसलं कसं नाही? त्याआधी चाळीस वर्षं घरात ते डोक्यावर टांगलेलं होतं, तेव्हा कसं नाही दिसलं? दिसत होतं, पण ते माझं आहे म्हटल्यावर बघायची गरज कुणाला होती?

त्यानंतर मी आठवायला बसले आणि सगळा घोळ झाला. मला त्या स्टुलाची कड मांडीला रुतलेली आठवते. टर्पेंटाइनचा वास आठवतो. बाबांचं "हलू नकोस" आठवतं. पण ते "हलू नकोस" मला आतल्या खोलीतून, बंद दाराआडून ऐकू येतंय, आणि माझ्या गालांभोवती आईचा लोकरी मफलर बांधलेला आहे. त्या वर्षी मला गालगुंड झालं होतं ना? प्रगतीपुस्तक शोधून काढलं तर सतरा दिवस गैरहजर. चित्रावरची तारीख त्यातलीच. मग बाहेर बाबा कुणाला हलू नकोस सांगत होते? फ्रॉक रंगवायचा राहिला होता आणि त्यात कुणीतरी बसायला हवं होतं, म्हणून त्यांनी तुला बसवलं का? तू तुझा तूच घातलास का तो, आणि बाबांनी जसं दिसलं तसं काढलं? त्यांना बटणातलं काय कळणार! पण मग स्टुलाची कड मला का आठवते? माझी आठवण खरी, की इतकी वर्षं ते चित्र बघून बघून मी ती बनवली? आईने आपल्या दोघांचे केस एकाच कात्रीने, एकाच मापात कापले नसते तर हा प्रश्नच आला नसता. एकदा वाटतं, मीच आहे. मग त्या मुठी बघते, फ्रॉक वर जाऊ नये म्हणून आवळलेल्या, आणि वाटतं, मी कशाला आवळीन? मी रोज फ्रॉकच घालत होते. आता विचारायला आई नाही, बाबा नाहीत, आणि ज्याला विचारायचं त्याच्याशी मी बोलत नाही.

आणि सगळ्यांत मोठा गोंधळ वेगळाच आहे. त्या दिवशी तुझ्याजवळ एक वाक्य होतं. "ताई, तो मी आहे." बस्स. माझं तोंड तिथल्या तिथे बंद झालं असतं. जन्मात तुला माझ्यावर अशी संधी मिळाली नव्हती, आणि तू टेबल उचलून निघून गेलास. लाज वाटली का, फ्रॉकची? की मी इतक्या थाटात मिरवत होते म्हणून माझीच कीव आली? मी सहा वर्षं तुला निरुत्तर समजत होते. उत्तर खिशात ठेवून कुणी गप्प बसू शकतं, हे आपल्या घरात मला कुठून सुचणार?

आता लिहायचं कारण. सोमवारी मी ती चिठ्ठी भिंतीवरून काढली. सगळ्या चिठ्ठ्या नव्याने छापायला पुढच्या शुक्रवारी जाणार आहेत आणि या एका चित्रापुरती माझी ओळ कोरी आहे. संचालकांना मी सांगितलं की दानपत्रावर मी 'माझ्या बालपणीचं चित्र' असं सही करून लिहिलंय आणि ते बहुधा खोटं आहे. ते म्हणाले, तसं लेखी द्या, मग परत देण्याचा विचार होईल. होईल की नाही कोण जाणे, पण मी द्यायला तयार आहे. फक्त काय लिहायचं ते तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. तो तू असशील तर मी तुझं चित्र तुला न विचारता देऊन टाकलं. त्याला माफी हा शब्द तोकडा आहे, तरी मागते. समोर उभी राहून मागेन, बोलाव. पण बारक्या, समजा तो तू नसशीलच. समजा ती मुलगी चुकली, माझी ती स्टुलाची आठवण खरी, आणि त्या चित्रात मीच बसलेली आहे. तर मग मला एवढंच सांग. सगळं घर सोडून तुला माझंच चित्र कशाला हवं होतं?

उत्तर काहीही आलं तरी तुझीच,
ताई