खोगिराचा पट्टा

प्रिय बाबा,

१. खुब्याचा सांधा बदलून सात महिने झाले.
२. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली.
३. काल वीस मिनिटं घोडेस्वारी केली. पडले नाही.

आईला एवढंच वाचून दाखवा. तिचा गुडघा कसा आहे?

खोगिराचा पट्टा या वेळी मी स्वतः आवळला, तोही मास्तरांच्या डोळ्यांदेखत. गेल्या वेळी त्यांनीच तो सैल ठेवला आणि मी पडल्यावर नोंदवहीत ‘स्वाराची चूक’ लिहिलं. काल म्हणाले, “झालं गेलं विसर, पोरी. तुझ्या बाबांनी फोनवर मला माफ केलंय.”

मी केलेलं नाही. शुक्रवारच्या चौकशीत त्यांचं शिकवणं कायमचं बंद करा, असं मी सांगणार आहे. तुम्ही खरंच माफ केलंत का? गुरुवारपर्यंत कळवा.

तुमची,
धाकटी