ग्राउंड लांब जातं

सर, तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावं असं मला फारसं कधी वाटलं नाही, खोटं कशाला सांगू? शाळेतल्या पीटीच्या सरांची आठवण काढत बसायला सवड कुणाला असते? पण उन्हाळ्यात माझा उजवा पाय घोट्यात मुरगळला आणि तेव्हापासून तुम्ही रोज डोक्यात येऊन उभे राहताय, गळ्यात शिट्टी घालून.

मी हल्ली मोशीत राहते, म्हणजे तुमच्याच गावात. तुमची माणसं जिथे ज्वारी काढायची तिथे आता आमच्या सोसायट्या आहेत. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, अख्खी शिफ्ट उभ्यानं जाते. मागच्या वर्षी कंपनीच्या तपासणीत माझी साखर वाढलेली निघाली. माझी आई साखरेनंच गेली, शेवटी तिला दिसेनासं झालं होतं, त्यामुळे मी पार हादरले. शेजारीण सोसायटीतल्या बायांबरोबर सकाळी पळायला जायची, तिच्या मागे लागून मीही सुरू केलं. आधी नुसतं चालणं, मग विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळणं, आणि एका सकाळी न थांबता थेट इंद्रायणीच्या पुलापर्यंत. साखर खाली आली. थंडीतल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीला नाव द्यायचं ठरलं. चाळिशी उलटलेल्या बाईला पळण्याचा एवढा आनंद व्हावा हे कुणाला सांगायचीही लाज वाटायची, पण होत होता. मग सर्व्हिस रोडच्या उखडलेल्या ब्लॉकवर पाय पडला. हाड मोडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस विश्रांती, मग हळूहळू सुरू करा. एवढंसंच झालं होतं.

आपल्याकडे दुखणाइताला उठू न देणं हीच माया. नवऱ्यानं सुट्टी टाकून मला हातात चहा दिला, मुलीनं कपडे वाळत घातले. "राहू दे गं आता ते पळणं," नवरा म्हणाला, "तुला काय ऑलिम्पिकला जायचंय?" तो प्रेमानंच म्हणाला आणि मला ते ऐकून बरं वाटलं, हेच वाईट झालं.

शाळेत असतानाही माझा हाच पाय मुरगळला होता. खांबाजवळ सूर मारताना पडले होते, आणि आंतरशालेय खो-खोचे सामने तोंडावर आलेले. मी घरी उशीवर पाय ठेवून पडलेली आहे, आई हळद उगाळतेय, आणि दारात तुम्ही सायकल घेऊन उभे. चहा घेतला नाहीत, आतही आला नाहीत.

"पोरीला ग्राउंडवर पाठवा," तुम्ही म्हणालात.

"अहो सर, पाय सुजलाय की लेकराचा. तिला चालणं व्हईना," आई म्हणाली.

"खेळायला न्हाई, बसायला. मी नेतो सायकलवर. घरी बसलं की ग्राउंड लांब जातं, ताई. दोन दिसांत चिखलीला जातं, आठवड्यात आळंदीला."

आई हसली. मला मात्र तुमचा असा राग आला होता! कॅरिअरवर बसून नेलंत आणि हातात भोकं पाडलेला, चुन्याच्या फक्कीचा डबा दिलात. रोज बसल्या बसल्या, सरकत सरकत मी खो-खोच्या पाट्यांच्या रेषा आखायच्या. बाकीच्या पोरी पळायच्या, माझ्या अंगावर धूळ उडायची. मी रडले तर ओरडलात, "रेघ वाकडी आली. पुसून परत काढ." सामने मला खेळता आले नाहीत. पण पाय बरा झाला त्या दिवशी मी मैदानावर होते, त्यामुळे नुसतं उठून पळायचं होतं. तुमचं स्वतःचं क्रेप बँडेज तुम्ही मला त्यावेळी देऊन टाकलंत, धुऊन, घट्ट गुंडाळून. ते अजून आहे माझ्याकडे. त्याचा ताण गेलाय, नुसती चिंधी राहिलीय.

कंपनीत मी पर्मनंट झाले तेव्हा पेढे घेऊन तुमच्याकडे आले होते. तुम्ही निवृत्त झाला होतात आणि ओट्याच्या पायरीवरून घसरून गुडघ्याला लागलं होतं. तुमच्या ओट्यावरून ग्राउंड दिसायचं, पोरं ओरडत होती. तुम्ही खुर्चीत बसला होतात, ग्राउंडकडे पाठ करून. तुमच्या बाईंनी पाणी दिलं आणि माझ्यापाशीच गाऱ्हाणं सांगितलं, "डाक्टर म्हणत्यात गुडघा बरा झाला, चाला जरा. ह्ये उठतच न्हाईत. तू तरी सांग गं."

"दुखतंय मला!" तुम्ही खेकसलात. "हिला काय कळतंय?"

मी बाईंवरच मनातून चिडले. एवढा दणकट माणूस, दुखत असल्याशिवाय का बसून राहील? मी तुम्हाला म्हटलं, "सर, आराम करा." तुम्ही मान हलवलीत आणि पेढा तसाच हातात धरून ठेवलात. पुढे तुम्ही खुर्चीतून खाटेवर गेलात आणि खाटेवरून उठलाच नाहीत. दहाव्याला मी आले होते तेव्हा ती खुर्ची ओट्यावर तशीच होती.

आज माझी दुसरी शिफ्ट आहे, म्हणून सकाळ मोकळी. शेजारणीनं खालून फोन केला, "येतेयस का गं? नुसतं चालू." मी म्हटलं, "नाही गं, अजून दुखतंय." नवऱ्याला तेच सांगितलंय, कंपनीत तेच. परवा घरच्या मशीनवर साखर बघितली, पुन्हा वर चढलीय. ते मी कुणालाच सांगितलं नाही. खिडकीतून खालचा रस्ता दिसतो. तुमच्या हिशोबानं तो आता आळंदी ओलांडून कुठल्या कुठे गेला असेल.

उद्यापासून जाईन, असं इथे लिहिणार होते. पण तुम्हाला थापा चालायच्या नाहीत, आणि हा कागद तसाही कुठे पाठवायचा नाहीये. मी रोज उठल्यावर तुमचं ते सैल बँडेज घोट्याला गुंडाळते, घरात सगळ्यांना दिसेल असं. पाय दुखत नाही, सर. कधीचाच दुखायचा थांबलाय. त्या बाया आता पुलाच्याही पुढे जातात, आणि मला त्यांच्या देखत पुन्हा पहिल्या खांबापासून सुरू करायची भीती वाटते, एवढंच आहे.

तुमचाही गुडघा तेव्हा दुखत नव्हता ना?