ग्रीकवाल्याचं कोपऱ्यातलं टेबल

८ नोव्हेंबर, शनिवार

रबर! आईच्या वाढदिवसाला रबर खाऊ घातलं त्या ग्रीकवाल्याने! पिटा म्हणे, म्हणजे त्यांची पोळी. एका बाजूने धाकट्या भावाने, प्रितमने धरला, दुसऱ्या बाजूने मी ओढला, तरी तुटेना. दह्याची चटणी म्हणजे नुसतं पाणी, त्यात काकडी पोहत होती. चिकन बाहेरून कोळसा, आत गार. एक घास खाऊन आई पाणीच पीत बसली. चाळिसावा वाढदिवस तिचा!

आणि पप्पा? कोथिंबिरीची जुडी सुकलेली निघाली तर दुकानात परत जाऊन मॅनेजरला उभं करणारा माणूस! आमच्या आख्ख्या बॉथेल गावात असं हॉटेल नसेल जिथे पप्पांनी ताट परत पाठवलं नाही. मी वाट बघतेय, आता बोलतील, आता बोलतील — "चांगलंय की. मैत्री, खा गुपचूप."

काय चांगलंय बे!

मला खिडकीचं टेबल पाहिजे होतं. म्हाताऱ्या मालकाने — कोस्टा नाव त्याचं — सरळ कोपऱ्यात नेऊन बसवलं, चार्जिंगच्या प्लगपाशी. वर न विचारता पप्पांपुढे काळी कॉफी ठेवली. पप्पा दुधाच्या चहाशिवाय काही पीत नाहीत! तरी प्यायले. थँक यू पण म्हणाले.

९ नोव्हेंबर

सोडणार नाही. तीन खोट्या नावांनी तीन रिव्ह्यू टाकले, एकेक स्टार. एकात तर मी ग्रीक आजी झाले: "पिटा चावताना माझी कवळी त्यातच राहिली. परत पाठवा." प्रितम लोळून लोळून हसला. "ताई, यू आर ईव्हिल." चौदा वर्षांचं पोरगं, पण कदर आहे त्याला!

११ नोव्हेंबर

कवळीला एकवीस लाइक!!

१२ नोव्हेंबर

पप्पांनी रिव्ह्यू वाचला. मला वाटलं हसतील. "असं कोण लिहितं यार? म्हातारा माणूस आहे, त्याच्या पोटावर कशाला पाय?" — आणि डबा उचलून ऑफिसला गेले. असा राग आला! आईच्या पोटाचं काय, ते नाही दिसलं?

आई म्हणते, "वाद नको घालू त्यांच्याशी. ऑफिसात माणसं काढतायत, टेन्शन असेल." असेल. त्यांच्याच ऑफिसातल्या मनोहर काकांना काढलंच ना मार्चमध्ये. व्हिसाचा नियम: साठ दिवसांत दुसरा जॉब नाही मिळाला तर अमेरिका सोडा. सोडला. त्यांचा सोफा आता आमच्याकडे आहे, त्यावरच बसून लिहितेय. पण म्हणून आम्ही रबर खायचं का?

१४ नोव्हेंबर, सकाळ

ठरलं. रबराला रबर! शेजारच्या जागृती काकूंच्या पर्समध्ये एकदा सोडलं होतं ते रबरी झुरळ सापडलं. इंग्लिशचा क्लास बंक — तसाही दोनदा नापास झालेय, तिसऱ्यांदा कोण रडतंय! दुपारी गर्दीत जायचं, सॅलडमध्ये झुरळ टाकायचं, आणि अशी किंचाळणार की रेडमंडपर्यंत ऐकू जाईल!

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ

किंचाळले नाही.

काचेतूनच दिसलं. कोपऱ्यातल्या टेबलावर पप्पा. लॅपटॉप प्लगला. गळ्यात ऑफिसची पट्टी — तिला आयडी कार्डच नाही. आईने दिलेला डबा उघडा, त्यातली अर्धी पोळी-भाजी कोस्टाच्या प्लेटमध्ये. दार ढकललं, खांबामागे उभी राहिले. कोस्टा कॉफी ओतत होता.

"एनी कॉल टुडे, माय फ्रेंड?"

"नो. ट्वेंटी-टू डेज लेफ्ट."

"सिट, सिट. टेबल इज युअर्स."

झुरळ खिशातच. बसस्टॉपवर बसून तिन्ही रिव्ह्यू उडवले. खोटारडे! मी एक थाप मारली तर कान पिळतात, आणि स्वतः रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, आम्हाला बाय करून —

सहाला आले. आईने विचारलं, "कसं होतं ऑफिस?"

"मीटिंगच मीटिंग."

मी उठून त्यांचा डबा घासायला घेतला. माझ्यासारखी! डबा घासतेय!

१७ नोव्हेंबर

आज डबा मी भरला. चार पोळ्या जास्त. पप्पांनी उचलला तेव्हा त्यांना वजन कळलं. दारात थांबले, माझ्याकडे बघत राहिले.

"कोस्टाला द्या," मी हळूच म्हटलं. "म्हणावं, मऊ पोळी अशी असते."